दोन तासांवरचा मुलगा

मी पडदा बोलतोय. दारावरचा नाही, खिडकीवरचाही नाही. माणसाच्या पाठीमागचा. मोबाईलवर एकमेकांची तोंडं बघत तुम्ही बोलता ना, तेव्हा समोरच्याच्या मागे काय आहे इकडे तुमचं लक्ष नसतं. निदान तुम्हाला तसं वाटतं. पण मागचं सगळं ओळखीचं दिसलं की जीव कसा थंडावतो, आपलं माणूस जागच्या जागी आहे असं वाटतं. त्या वाटण्यावरच माझी हयात गेली.

आज मला पाहाल तर पायपुसणं समजाल. पण एके काळी मी देखणा होतो बरं का! राखाडी निळा रंग, अंगभर पांढऱ्या पानांची वेल, कापड जाड, झोळ भारदस्त. स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करणारं उरलं नाही म्हणून करतो.

माझा जन्म बाबांच्या दुकानातला. पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे शिवायचं चिंचोळं दुकान होतं त्यांचं. एका बाईंनी माझं कापड शिवायला टाकलं आणि मग त्यांच्या मनातून तो रंगच उतरला. त्या परत फिरकल्या नाहीत. मी आपला फळीवर घडी होऊन पडलो होतो. बाबांचा मुलगा शहरात नोकरीला निघाला तेव्हा बाबांनी मला खाली काढलं, झटकलं आणि मशीनवर घेतलं.

मुलाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्यामुळे आईने करायच्या गोष्टी बाबाच करायचे, फक्त न बोलता. मला इस्त्री करून त्यांनी मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "खोली भाड्याची असली तरी पडदा आपला असावा."

मुलाची थोरली बहीण, ताई, तिथेच उभी होती. तिचं सासर त्याच गावात, चार गल्ल्या सोडून. ती हसायलाच लागली. "बाबा, लोक पोराबरोबर डबा देतात. तुम्ही पडदा देताय!"

"डबा संपतो गं," बाबा म्हणाले.

शहर बाबांच्या गावापासून बसने दोन तासांवर होतं. मुलगा एका विमा कंपनीत संगणकावर काम करायचा. खोली एवढीशी, खिडकीतून शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप दिसायचे. मला त्याने पलंगामागच्या ओल आलेल्या भिंतीवर लावलं. रोज संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, तोंड दिसणारा. बाबांना काही तो मोबाईल नीट धरता येत नसे. अर्धा वेळ त्यांचं कपाळ दिसायचं आणि अर्धा वेळ छताचा पंखा. पण त्यांना मात्र इकडचं सगळं लख्ख दिसायचं. "पडदा धुतोस का रे?" हा पहिला प्रश्न. जेवलास का, हा दुसरा. मला बरं वाटायचं. लेकाआधी माझी विचारपूस!

पुढे कंपनीने सांगितलं, आता घरूनच काम करा. मात्र शहर सोडायचं नाही, केव्हाही बोलावू. पहिल्यांदा पोरगा खूश झाला. मग हळूहळू सुकायला लागला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. माणसाचं तोंड बघायचं ते संगणकाच्या पडद्यावर. दाढी वाढली, जेवण सुटलं. एकदा तर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या रडला. कारण काहीच नव्हतं. मला ते बघवलं नाही, पण मी काय करणार, मी भिंतीवर.

त्याच्याच कंपनीतला एक मित्र होता, त्याला सगळे टकल्या म्हणत. तो एक दिवस फोनवर म्हणाला, "अरे, मी कुठे आहे सांगू? समुद्रावर! साहेबाला वाटतं मी शहरातच. काम त्या डब्यात आहे ना? मग डबा कुठेही उघड की. महिनाभर ये, माणसात येशील."

महिनाभर. लक्षात ठेवा हं, शब्द महिनाभरच होता.

पोराने दोन जोड कपडे घेतले, डबा, म्हणजे लॅपटॉप घेतला, आणि मला भिंतीवरून उतरवलं. मी हरखलो. म्हटलं, बाबांची आठवण म्हणून नेतोय. कसलं काय! टकल्याने त्याला बजावलं होतं, "मागची भिंत बदलली की लोक विचारतात. काहीतरी ओळखीचं घेऊन ये."

ते गाव मात्र खरंच जीव लावणारं होतं. बसथांब्यापासून वाळूची गल्ली, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं आणि पत्र्याची, कौलांची बसकी घरं. दुपारी दुकानदार फळीवर आडवे व्हायचे, काही हवं असलं तर आपणच उचलून गल्ल्यावर पैसे ठेवायचे. कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपायची आणि सायकली त्यांना वळसा घालून जायच्या. कुणालाच कसली घाई नाही. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीत देशोदेशीची पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसलेली, एका हाताने टकटक आणि दुसऱ्या हाताने माश्या हाकलणं चाललेलं. पाच वाजले की सगळे डबे मिटून पाण्यात.

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. टेबल खिडकीशी, समोर समुद्र. पाठीमागची भिंत पोपटी रंगाची, पोपडे आलेली. तिच्यावर चार खिळे ठोकून मला ताणून बसवलं. त्याच्या खांद्यावरून मला समुद्र दिसायचा. जन्मात पहिल्यांदा मी एवढं मोठं काहीतरी बघत होतो, आणि काम काय, तर ते लपवायचं. फोन यायच्या आधी तो खिडक्या घट्ट लावून घ्यायचा, लाटांचा आवाज जाऊ नये म्हणून. पंखाही बंद. घामाच्या धारा लागायच्या, पण बाबांना दिसायचा तो शहरातल्या खोलीतला मुलगा आणि मागे त्यांनी शिवलेला पडदा.

खाली घरमालकीण राहायची. एकटी, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. तो तिला मावशी म्हणायचा. तिने पहिल्या आठवड्यातच त्याची परीक्षा केली. "काय रे, वरून इस्त्रीचा शर्ट आणि खालून अर्धी चड्डी? वरती साहेब आणि खाली उनाड पोर! आणि एकटाच काय बडबडत असतोस दिवसभर? मला वाटलं, वेड लागलं भाडेकरूला."

खोटं कशाला बोलू, पोरगं तिथे खुललं. पोहायला शिकलं. दाढी काढली, भूक लागायला लागली, रंग चांगला रापला. रात्री शांत झोपायचं. ते सुख मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्याला नुसता दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. त्याने कुणाचं वाईट करायचं म्हणून काही केलं नाही. त्याला जरा श्वास घ्यायचा होता, एवढंच.

पण महिना संपला आणि तो परत गेला नाही. दुसरा संपला, तिसरा संपला. सुरुवातीला तो टकल्याला म्हणायचा, "बाबांना सांगून टाकतो या रविवारी." टकल्या म्हणायचा, "सांगशील रे, घाई काय आहे?" बाबांना घरी बसून केलेली नोकरीच आधी पटत नव्हती. "ऑफिसात बसायला जागा नाही त्याला नोकरी कशी म्हणायची?" असं ते विचारायचे. त्यांना हे समुद्राचं कसं सांगणार? आणि कंपनीच्या कानावर गेलं तर? असं करता करता सांगायची वेळच निघून गेली. आधी सांगितलं नाही म्हणून नंतर सांगता येईना.

गावी जायचा तेव्हा तर सोंगच करायचा. गाडी बदलत बदलत दीड दिवसाचा प्रवास करून शहरात उतरायचा, तोंड धुवायचा आणि तिथून नेहमीच्या सकाळच्या बसने बाबांकडे. बाबा म्हणायचे, "दोन तासांत एवढा कसा रे दमलास?" परत आल्यावर हे तो टकल्याला हसून सांगायचा. टकल्याही हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं.

मग बाबांच्या छातीत दुखलं. पहिल्या वेळी ताई होती म्हणून निभावलं. ती धावत आली, रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेवर आणलंत. पुन्हा दुखलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच आणायचं. तेव्हापासून भावाबहिणीचं ठरलेलं होतं. हाकेच्या अंतरावर ताई आणि ती नसेल तेव्हा दोन तासांवर तो.

ताई शाळेत शिकवायची. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती आणि त्यासाठी तिला पंधरा दिवस दूरच्या गावी प्रशिक्षणाला जायचं होतं. तिने किती वर्षं त्या जागेची वाट पाहिली होती, ते तिच्या आवाजातच कळत होतं. रविवारी तिचा फोन आला. तिचं तोंड मोबाईलच्या काचेवर, मागे तिचं स्वयंपाकघर.

"मी जाऊ का रे? माझं मन होत नाही. बाबा एकटे पडतील."

"जा ना गं ताई."

"नक्की? यजमान फिरतीवर असतात, त्यांचा काही भरवसा नाही. तू आहेस म्हणून विचारते. काही झालं तर तू दोन तासांत पोचशील ना?"

तेव्हा. अगदी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी श्वास रोखून बघत होतो. त्याने खिडकीकडे बघितलं. बाहेर भरतीचं पाणी चमकत होतं. त्याच्या मानेवर घाम आला होता, मला दिसत होता तो. वाटलं, आता सांगेल. सांग रे बाबा, एकदाच सांग. फार फार तर ती रागावेल, चार दिवस बोलणार नाही. बहीणच आहे ती.

"बिनधास्त जा," तो म्हणाला. "मी आहे ना."

ताई हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझा केवढा आधार आहे रे मला."

त्यालाही ते सुखाने पचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिकीट काढलं, शनिवारचं. शनिवारी निघायचं आणि उरलेले दिवस बाबांजवळ राहायचं. मावशीला तसं सांगायला गेला तेव्हा ती म्हणाली, "शनिवारी कशाला? आजच जा. तुझं काम त्या डब्यातच आहे ना? मग तो डबा बापाशेजारी ठेवून कर की."

"शुक्रवारपर्यंत महत्त्वाच्या मीटिंग आहेत मावशी. तिकडे नेट नीट चालत नाही."

"बरं बाबा, तुझं तू जाणे," ती म्हणाली आणि नारळ सोलायला बसली.

बुधवारी दुपारी मीटिंग चालू होती. वरती शर्ट, मागे मी, समोर बारा तोंडं. बाबांचा फोन आला, त्याने कापला. पुन्हा आला. बाबा कधी लागोपाठ फोन करायचे नाहीत. त्याने मीटिंगमधला आपला आवाज बंद केला आणि फोन कानाला लावला. बाबा मोबाईलवर नेहमी मोठ्यानेच बोलायचे, त्यामुळे मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कामात आहेस का रे? मग राहू दे."

"नाही बाबा, बोला."

"काही नाही, सकाळपासून छातीत जड वाटतंय. त्या वेळेसारखं. ताईला कळवू नकोस हं, ती तिकडे घाबरेल, प्रशिक्षण सोडून येईल. तूच येतोस का? तू आलास की जाऊ दवाखान्यात."

तो उभा राहिला. खुर्ची मागे येऊन माझ्यावर आदळली. समोरची बारा तोंडं आपलं बोलतच होती.

"येतो बाबा," तो म्हणाला. "निघालोच."

"सावकाश ये. धावपळ करू नकोस. मी तयार होऊन बसतो."

अहो, मी कापड आहे. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी बोंब मारली असती. निघालो नको म्हणूस, लांब आहे म्हण! शेजाऱ्याला हाक मारा म्हण! पण त्याच्या तोंडून तेच बाहेर पडलं ज्याची त्याला सवय झाली होती. खोटं बोलायचं असं त्याने त्या क्षणी ठरवलंच नव्हतं. नुसती सवय.

तो चड्डीवरच धावत खाली गेला, परत वर आला, पँट चढवली, पाकीट शोधलं, पुन्हा धावला. जिन्यात त्याचा आवाज आला, "मावशी, गाडी! कुणाची तरी गाडी!" मीटिंग चालूच राहिली. कुणीतरी विचारलं, "अरे, हा कुठे गेला?" मग दुसरं कुणी म्हणालं, "दारावर कुणी आलं असेल." खुर्ची रिकामी आणि मागे मी. मी तसाच दिसत होतो त्यांना, जागच्या जागी.

पुढचं मला नंतर कळलं. ते ताईच्याच तोंडून ऐकलं, त्याच खोलीत.

बरेच दिवस खोलीला कुलूप होतं. मग एका दुपारी दार उघडलं. तो आत आला आणि त्याच्या मागे ताई. तिला मी त्या चौकोनी काचेतूनच ओळखायचो, अख्खी कधी पाहिली नव्हती. ठेंगणी होती. बाबांसारखंच नाक. तो सामान आवरायला आला होता आणि ती म्हणाली होती, मला बघायचंय, तू होतास तरी कुठे.

ती आधी खिडकीशी गेली. समुद्राकडे बघत राहिली. मग वळून माझ्याकडे आली आणि माझ्यावरून हात फिरवला, शिलाईवरून, खालपर्यंत.

"बाबांना संशय आला होता," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

"म्हणाले, पोरगं एवढं रापलंय कसं? घरात बसून काम करणाऱ्याला ऊन कुठलं? हा शहरात नाही राहत. मला म्हणाले, तू विचार त्याला. आणि मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, बाबा, काहीतरीच काय! मागे तुम्हीच शिवलेला पडदा दिसतो की रोज. तेव्हा पटलं त्यांना. म्हणाले, हो, पडदा आपलाच आहे."

हे ऐकलं आणि माझ्यातला जीवच गेला. बाबांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या डोळ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला असता तर त्या बुधवारी त्यांनी दुसऱ्या कुणाला हाक मारली असती. त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर. ज्यांनी मला शिवलं, त्यांच्याच डोळ्यांत मी धूळ फेकली.

"ताई, मी शेजारच्या काकांना फोन केला होता गं," तो म्हणाला. "गाडीतूनच केला."

"केलास. काय म्हणालास? मी येतोय, तोवर बाबांकडे जरा बघा. बघा! लांब आहे म्हणालास का? काका गेले. बाबा दाढी करून, धुतलेला सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पिशवी. काका म्हणाले, चला मी नेतो. तर बाबा म्हणाले, छे छे, पोरगा निघालाय, येईलच एवढ्यात. तो आला आणि मी घरात नसलो तर घाबरेल. काकांनाही ते पटलं. त्यांना तरी काय माहीत? दोघं दारात बसून तुझ्या बसची वाट बघत होते."

"मी परत फोन केला. तेव्हा खरं सांगितलं. सगळं सांगितलं काकांना."

"हो. काकांनी लगेच रिक्षा आणली. पण तोवर बाबांनी मान टाकली होती."

तो खाली बसला, जमिनीवर, भिंतीला टेकून, माझ्याच पायाशी. आणि मोठ्याने रडला. त्या शहरातल्या खोलीत रडला होता तसं नव्हे ते. "मी मारलं गं त्यांना," तो म्हणत होता. "मी मारलं."

ताईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "असं म्हणू नकोस. दुखणं त्यांचंच होतं. कदाचित नेऊनही वाचले नसते." मग म्हणाली, "पण ते मला आता कधीच कळणार नाही ना रे. रोज सकाळी उठल्याबरोबर मी तोच विचार करते. मी गेले नसते तर? आणि मी गेले कशावर? तुझ्या शब्दावर गेले."



"तू इथे राहिलास त्याचा मला राग नाही," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "एवढं चांगलं आहे इथे. सांगितलं असतंस तर मी बाबांना घेऊन आले असते चार दिवस. ते ओरडले असते तुला, आणि मग पाण्यात पाय सोडून बसले असते. आणि प्रशिक्षणाला जाताना मी फक्त शेजारच्यांना सांगून गेले असते, त्याला यायला वेळ लागतो, तुम्हीच बघा. एवढंच करायचं होतं रे मला."

मावशी ताटं वाढून वर घेऊन आली. ताटं टेबलावर ठेवून निघून गेली. ताईने त्याच्यासमोर एक ताट सरकवलं. "जेव," म्हणाली. स्वतः मात्र जेवली नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती गेली. तो तिला बसथांब्यावर सोडायला निघाला तेव्हा "नको, मी जाईन," म्हणाली. मुख्याध्यापिकेची जागा तिने घेतली नाही असं तो नंतर मावशीला सांगत होता, ते मी ऐकलं. प्रशिक्षण अर्धवट राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मीटिंग लावली. खिडक्या बंद केल्या नाहीत. डबा उलटा वळवला, खुर्ची फिरवली आणि समुद्राकडे पाठ करून बसला. साहेबांनी विचारलं, "हे काय, सुट्टीवर आहेस का?" तो म्हणाला, "नाही सर. मी इथेच राहत होतो. कित्येक महिन्यांपासून." त्या बैठकीत पुढे काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. त्याची नोकरी राहिली नाही, आणि ती वाचवायची धडपडही त्याने केली नाही.

तो बाबांच्या घरी राहायला गेला. एकटाच. निघताना त्याने मला खिळ्यांवरून काढलं, घडी घातली, पिशवीत भरलं, मग पुन्हा बाहेर काढलं. बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसला. बाबांच्या हातची शेवटची वस्तू म्हणून ठेवावं तर बघवत नाही, आणि टाकावं तर टाकवत नाही. शेवटी खाली जाऊन म्हणाला, "मावशी, हे तुमच्याकडे ठेवाल का?" मावशी म्हणाली, "ठेवते बाबा. तू जपून राहा. बहिणीला फोन करत जा. तिने उचलला नाही तरी करत जा."

करतो का, ती उचलते का, मला माहीत नाही. मला कोण सांगणार?

आता मी मागच्या पडवीत आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या आहेत, त्यांच्यावर मला पांघरलंय. खाऱ्या हवेने कापड विरत चाललंय. वेलीची पानं पिवळी पडली, अंगावर बुरशीचे डाग आले. कधी मांजर पिलं घालतं माझ्या उबेला. त्याचं काही वाटत नाही, निदान तेवढं तरी खरं काम आहे. उद्या मावशी मला फाडून लादी पुसायला घेईल, तर घेऊ दे.

एवढी एकच गोष्ट सांगायची आहे, म्हणून बोललो. तुमच्यापैकी किती तरी जण असेच कुठे कुठे राहता. कुणी समुद्रावर, कुणी डोंगरात, कुणी साता समुद्रापार. राहा की! आनंदाने राहा, उन्हात हिंडा, पोहायला शिका. माझी काही तक्रार नाही. पण घरी खरं सांगा. लांब असाल तर लांब आहे म्हणून सांगा. आईबाप रुसतील, दोन दिवस फोन उचलणार नाहीत. ते परवडलं. ज्यांचं लेकरू लांब असतं, ते दुखलं खुपलं की शेजाऱ्याला हाक मारतात. ज्यांचं लेकरू जवळ असतं, ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून त्याची वाट बघत बसतात.